क्लबातली पन्हळ आणि माझी यादी

आमच्याकडे लग्नकार्यात जेवणं उरकली, पानदान फिरायला लागलं, की कोणीतरी हमखास म्हणतं, “काका साहेबांच्या क्लबात होते, बरं का!” नव्या जावयाच्या चेहऱ्यावर लगेच आदर उमटतो. मग मला खुलासा करावा लागतो. क्लबात मी होतो तसा एक घोडाही होता, गवत कापायचं यंत्र ओढायला. आणि आम्हा दोघांपैकी मैदानावर हिंडायची परवानगी फक्त त्याला होती.

तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला. जिल्ह्याची कचेरी बुलढाण्याला आणि मी त्या कचेरीत कारकून. माझं अक्षर वळणदार. या एका गुणावर माझं लग्न जमलं, नोकरी लागली, आणि त्याच गुणापायी क्लबाच्या सेक्रेटरीसाहेबांनी मला शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ मागून घेतली. सेक्रेटरीसाहेब जंगलखात्यातले. उंच, तांबूस, आणि वाक्य अर्ध्यावर सोडून दुसरीकडे बघायची सवय. उरलेलं वाक्य आपण पुरं करायचं. क्लबाची पत्रं लिहिणं, सभांची नोंद ठेवणं आणि सभासदांची खेळाची कार्डं फाइलला लावणं, हे माझं काम.

गावाबाहेर, घाट उतरायच्या अलीकडे पठारावर एक मोठा माळ होता. त्यावर साहेबांच्या गोल्फसाठी नऊ गड्डे खणलेले, प्रत्येकात एक झेंडी. विलायतेत म्हणे गड्ड्याभोवती हिरवळ असते. आमच्याकडे पौषातच गवत पिवळं पडायचं. म्हणून गड्ड्याभोवती वाळू पसरून, तेल शिंपडून, चापूनचोपून गोल जागा केलेली असे. ती थेट खळ्यासारखी दिसायची, म्हणून गडीमाणसं तिला खळंच म्हणत. पहिला फटका मारायची जागा म्हणजे मातीचा उंच ओटा. ओट्यावरून चेंडू मारायचा, त्याच्या मागोमाग चालत जायचं, खळ्यात पोचलं की गड्ड्यात घालायचा, आणि पुढच्या ओट्याकडे निघायचं. असे नऊ गड्डे झाले की एक फेरी. हे सगळं मला पहिल्याच दिवशी कळलं. कळलं नाही ते वेगळंच.

पहिल्या रविवारी मी कडुनिंबाखाली टेबल मांडून बसलो. सकाळची थंडी, पंधरा-सोळा साहेब, तीन-चार मॅडम, सगळ्यांना खेळायचंय, आणि सुरुवातीचा ओटा एकच. एका वेळी दोघांनीच सुटायचं. कचेरीच्या खिडकीशी तीन माणसं उभी राहिली तर सात भांडणं होतात, हा माझा अनुभव. म्हणून मी मोठ्या उत्सुकतेनं भांडणाची वाट पाहत होतो. आता कोणीतरी यादी काढील, चपराशी नावं पुकारील. कोणी काही काढलं नाही, पुकारलं नाही. कोणी पाइप ओढतंय, कोणी कुत्र्याशी बोलतंय, कोणी चहा पितंय. आणि मधूनच, कोणी काही न सांगता, दोघं उठत, ओट्यावर जात, फटका मारून चालू लागत. पाच-सात मिनिटांनी आणखी दोघं. यांना कळतं कसं? मी नजर लावून बसलो. डोळ्यांनी खुणा करतात म्हणावं, तर साहेब लोक एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हते.

ओट्यापाशी एक म्हातारा बसलेला असे. साखरखेर्ड्याचा, डोक्याला लाल मुंडासं. या ओट्याची राखण त्याच्याकडे. मी त्याच्याजवळ गेलो.

“बाबा, यांचा नंबर कोण लावतं?”

“कोनी नाई लावत.”

“मग यांना कळतं कसं?”

“थे पन्हळ पाहा ना बाबूजी! डोळे हायेत का चष्म्यातच ठेवून आले?”

तेव्हा मला ती दिसली. ओट्याच्या कडेला दोन खुंटांवर बसवलेली, दोन हात लांब, एका अंगाला उतरती लाकडी पन्हळ. छपराचं पाणी वाहून न्यायला असते तशी, पण अरुंद, चेंडू जेमतेम मावेल एवढी. वरचं तोंड उघडं, खालच्या तोंडाला खुंटी. पन्हळीत ओळीनं पांढरे चेंडू. आलेला माणूस आपला चेंडू वरून सोडायचा आणि खुशाल गप्पा मारायला जायचा. चेंडू घरंगळत जाऊन आधीच्याला टेकायचा. खालचे दोन चेंडू ज्यांचे, त्यांची पाळी. पुढच्या दोघांनी पहिल्या गड्ड्यात चेंडू घालून काढलेली झेंडी परत उभी केली, की म्हातारा खुंटी काढून दोन चेंडू खाली घ्यायचा. ज्याचे त्याचे चेंडू ज्याला त्याला ओळखू येत. कोणी लाल शाईचा ठिपका दिलेला, कोणी निळी रेघ. बस्स. एवढ्यावर अख्खा क्लब चालला होता.

मला हे फारच आवडलं. आवडलं म्हणजे पटलं नाही, म्हणून आवडलं. मी म्हाताऱ्याची उलटतपासणी सुरू केली.

“आणि एखाद्यानं आपला चेंडू पुढे घुसवला तर?”

“कसा घुसवन? पन्हळीले वरून तोंड हाये. वरून टाकली गोटी का मागंच लागते.”

“आणि पाळी आली, पण माणूस चहा पीत बसला असला तर?”

“त्याची गोटी काहाडून पुन्हा वरून टाकतो. बसा म्हनतो आरामात.”

“बडे साहेब असले तरी?”

“गोटीवर टोपी थोडीच रायते बाबूजी!” म्हातारा म्हणाला. मग आवाज खाली आणून त्यानं सांगितलं, की मागे एकदा नागपुराकडून आलेल्या एका फार मोठ्या पाहुण्याची गोटी त्यानं अशीच वर पाठवली होती. पाहुणा लालबुंद झाला, पण सेक्रेटरीसाहेबानं फक्त खांदे उडवले आणि तोंड फिरवलं.

त्या दिवशी घरी येऊन मी हे शोध लावल्याच्या थाटात बायकोला सांगितलं. ती दुसरबीडची. तिच्यापुढे कुठलाही शोध फार वेळ टिकत नसे.

“म्हंजी आमच्या विहिरीसारकंच की,” ती भाकरी थापता थापता म्हणाली. “हंडा ठिवला का नंबर लागला. बाई मग घरी जाऊन पोराला न्हाऊ घालून येती. हंडा कोन हलवीत न्हाई.”

“हे त्यांनी आपल्यापासून घेतलं असेल का गं?”

“आता मला काय ठावं? पर हंडे काय विलायतेहून आले न्हाईत.” मग तव्यावरची भाकरी उलटून तिनं विचारलं, “आन् नंबर आला तवा बाई न्हाई सापडली, तर?”

“तिचा चेंडू परत शेवटी.”

“आमच्यात बी तसंच. फक्त आमच्यात वर शिव्या बी बसत्यात.”

आता मुन्सफसाहेबांकडे येतो, कारण खरी गोष्ट त्यांची आहे. मी तिच्यात मधे आलो एवढंच.

त्या हिवाळ्यात क्लबानं पहिल्यांदाच एका देशी माणसाला आत घेतलं होतं, तेही परीक्षेवर. ते आमच्या कोर्टातले मुन्सफ. पस्तिशीचे, बारीक, बोलणं पुण्याकडचं, तोलूनमापून. नियम असा, की नव्या सभासदानं हंगाम संपायच्या आत सहा फेऱ्या पुऱ्या करायच्या. प्रत्येक फेरी दुसऱ्या सभासदाच्या जोडीनं, आणि कार्डावर जोडीदाराची सही. सहा कार्डं जमली की कायमचा सभासद. न जमली तर नाव आपोआप कमी. होळीच्या आधीचा रविवार हा हंगामाचा शेवटचा, कारण त्यानंतर माळ असा तापायचा की खळ्यातली वाळू तव्यावरची वाटावी. शिवाय माझ्या टेबलाच्या खणात आणखी दोन वकिलांचे अर्ज पडून होते. कमिटीचं म्हणणं, आधी यांचं कसं जमतं ते बघू. म्हणजे मुन्सफसाहेबांची सहा कार्डं ही एकट्याची नव्हती, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

इतर दिवशी कोर्ट, म्हणून त्यांना रविवारच. उजाडता उजाडता यायचे. पन्हळीत चेंडू सोडायचे, त्यावर हिरव्या शाईची टीचभर फुली. खेळ त्यांचा बेताचाच. आधी चेंडूकडे असं बघायचे जणू त्याची साक्ष घ्यायचीय, मग फटका. चेंडू बहुधा उजव्या हाताच्या बाभळीत. पण नाद जबरदस्त. कोर्टाच्या आवारात छत्रीच्या मुठीनं खडे मारताना त्यांना मी स्वतः पाहिलंय. पन्हळीतून शेजारी ज्याचा चेंडू पडेल तो त्यांचा जोडीदार. कधी पोलिसांचे साहेब, कधी रस्तेखात्यातला तरुण इंजिनियर. कोणी खुशीनं, कोणी मिशीतल्या मिशीत कुरकुरत, पण खेळत सगळे. पन्हळीनं लावलेली जोडी नाकारायची रीत नव्हती. माघाचा पहिला आठवडा सरेपर्यंत त्यांची चार कार्डं मी फाइलला लावली होती. दोन उरली होती, आणि रविवार उरले होते पाच.

आणि मग मला सुधारणा सुचली.

झालं असं, की एका शनिवारी सेक्रेटरीसाहेब माझ्या टेबलाशी उभे राहून म्हणाले, “उद्या मी किती वाजता खेळेन, हे आजच कळायची काही सोय असती, तर माझ्या बायकोला जेवणाचं...” आणि बाहेर बघू लागले. दुसऱ्या कुठल्या कारकुनानं मान डोलावून पत्र पुढे केलं असतं. मी रात्रभर जागून योजना आखली. एक पेटी ठेवायची. खेळायचं असेल त्यानं बुधवारपासून तिच्यात चिठ्ठी टाकायची. शनिवारी संध्याकाळी मी चिठ्ठ्या काढून सुंदर अक्षरात यादी करीन. अमुक दोघं साडेसहाला, अमुक दोघं पावणेसातला. यादी फळ्यावर. पन्हळीचं काय काम?

सेक्रेटरीसाहेबांनी कागद पाहिला आणि म्हणाले, “फारच छान. फक्त...” वाक्य मी पुरं केलं नाही, हा माझा पहिला गुन्हा. पन्हळ गोदामात गेली. म्हाताऱ्याला खळ्यांना तेल द्यायच्या कामावर लावलं. तो जाताना नुसतं म्हणाला, “बरं हाय. आता अक्षर पाहून खेळतीन लोक.”

यादी खरोखर सुंदर झाली होती. कचेरीतल्या कुठल्याही यादीशेजारी लावावी अशी. ती फळ्यावर डकवून मी मागे सरून दोनदा पाहिली.

पहिल्याच रविवारी साडेसहाला ओट्यावर पोलिसांचे साहेब एकटे. त्यांच्या जोडीला बड्या साहेबांच्या मॅडम. बडे साहेब म्हणजे जिल्ह्याचे मालकच, पण त्यांचा गुडघा दुखायचा म्हणून त्यांच्या घरचं खेळणं मॅडमच करीत. आणि मॅडम अकरापूर्वी कधी बंगल्याबाहेर पडत नाहीत, हे अख्ख्या बुलढाण्याला ठाऊक होतं. पन्हळीच्या काळात कोणाचं काही अडत नसे. त्या येतील तेव्हा चेंडू टाकत. आता बंगल्यावरचा चपराशी त्यांची चिठ्ठी परस्पर टाकून जाई, आणि त्यांचं नाव कागदावर सर्वांत वर. पोलिसांचे साहेब घड्याळ बघत उभे. मागचे दोघं त्यांच्या मागे उभे. बड्या साहेबांच्या मॅडमला ओलांडून पुढे जायचं कोण? सात वाजले, साडेसात वाजले. माळ रिकामा, आणि ओट्याशी दहा माणसं थंडीत पाय आपटताहेत. शेवटी बंगल्यावरून निरोप आला, मॅडम आज येत नाहीत. तेव्हा कुठे पहिला चेंडू उडाला.

यादीतलं शेवटचं नाव मुन्सफसाहेबांचं. त्यांची वेळ नऊ वाजता लिहिलेली, पण सगळंच सरकत सरकत साडेअकरावर गेलं. तोवर त्यांचा जोडीदार इंजिनियर व्हरांड्यात बूट सोडून बसला होता. “पुढच्या वेळी नक्की,” त्यानं हात हलवला. मुन्सफसाहेब चार तास बाकावर बसून होते, मांडीवर निकालपत्रांचं जाड पुस्तक. ते उठले, चेंडू खिशात टाकला आणि मला म्हणाले, “काही हरकत नाही. पुढच्या रविवारी.”

दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी मॅडम येत नाहीत हा निरोपच आला दहाला. चौथ्या रविवारी मुन्सफसाहेब पुस्तक न आणताच बसले होते. निघताना “पुढच्या रविवारी” म्हणाले नाहीत, मला नुसता नमस्कार केला. आता एकच रविवार उरला होता आणि कार्डं अजून दोन हवी होती. मला वाईट वाटलं. मनात म्हटलं, शेवटी साहेब लोकांनी आपलं खरं करून दाखवलंच. देशी माणसाला आत घेतल्यासारखं केलं आणि शेवटच्या नंबरावर बसवून बाहेर काढलं. घरी येऊन हे मी बायकोला सांगितलं, तेव्हा माझा आवाज चांगलाच चढला होता. त्या दिवशी मी इंग्रजांना जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या जन्मात दिल्या नसतील.

शेवटच्या शनिवारी संध्याकाळी मी पेटी टेबलावर उपडी करून चिठ्ठ्या लावत होतो. म्हातारा तेलाचा डबा ठेवायला आला आणि उभाच राहिला.

“बाबूजी, मुन्सफ सायबाची चिठ्ठी कवा येते?”

“बुधवारी. सगळ्यांच्या आधी. पेटी उघडली की तीच तळाशी असते.”

“मंग त्याईचं नाव शेवटी काऊन?”

“अहो बाबा, यादीची एक रीत असते.”

“कोनाची रीत? सायबाईनं सांगतली?”

मी हातातली चिठ्ठी खाली ठेवली. साहेबांनी सांगितली? सेक्रेटरीसाहेबांचा तसा कागद? मी फाइल काढली, चाळली. कागद नव्हता. तोंडी? तोंडी तर ते पुरं वाक्य कधीच बोलत नसत. मी टेबलावर पाहिलं. माझ्या हातांनी चिठ्ठ्या आधीच लावून ठेवल्या होत्या: वर बड्या साहेबांच्या मॅडम, मग पोलिसांचे साहेब, मग डॉक्टर, मग जंगल, मग रस्ते, आणि सर्वांत खाली मुन्सफ. चिठ्ठी कोणाची आधी आली, हे मी पाहिलंसुद्धा नव्हतं. सहा वर्षं कचेरीत याद्या केल्या होत्या. दरबाराच्या खुर्च्यांची यादी, सलामीची यादी, दौऱ्यावरच्या तंबूंची यादी. सगळ्या हुद्द्याप्रमाणे. हाताला दुसरी यादी येतच नव्हती. कोणी सांगितलं नव्हतं. एकाही इंग्रजानं सांगितलं नव्हतं. मीच होतो तो.

“मग, बाबा, तुम्ही चार रविवार बोलला का नाहीत?”

“मले वाटलं, वरून हुकूम असन. अक्षर किती चांगलं होतं!”

मी तसाच सेक्रेटरीसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. वाटेत दोनदा परत फिरलो. आपली चूक साहेबाला आपण होऊन सांगणं, हे कारकुनाच्या धर्मात बसत नाही. चूक सापडली तर आधी जुना कागद शोधायचा, तो नसला तर खालच्या माणसाकडे बोट करायचं. माझ्या खाली क्लबात फक्त घोडा होता.

साहेब व्हरांड्यात कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिड्या काढत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं: यादी हुद्द्यानं लागते, ती मीच लावतो, कोणाचा हुकूम नाही, आणि मुन्सफसाहेबांची दोन कार्डं राहिली आहेत.

त्यांनी कुत्र्याला खाली बसवलं.

“मला वाटत होतं, बड्या साहेबांनी तुला सांगितलं,” ते म्हणाले. “बड्या साहेबांना वाटत असेल, मी. मला चौथ्या नंबरावर टाकलंस तू. माझी बायको विचारत होती, की तुमच्या बढतीचं काही...” आणि ते हसायला लागले. मला हसावं की नाही ते कळेना. मग एकदम थांबून म्हणाले, “आणि तो माणूस चार आठवडे त्या बाकावर...” हे वाक्य मात्र त्यांनी कुत्र्याकडे बघत सोडलं.

“पन्हळ, साहेब,” मी म्हणालो. “उद्या पन्हळ लावू द्या.”

“उजाडायच्या आत,” ते म्हणाले. वाक्य पुरं होतं.

रविवारी मी आणि म्हातारा अंधुक उजेडातच ओट्याशी हजर. त्यानं खुंट ठोकले, पन्हळ बसवली, उतार पुन्हा पुन्हा एका जुन्या गोटीनं तपासला. मुन्सफसाहेब आले ते फळ्याकडे वळले. फळा कोरा. मी धावत गेलो.

“साहेब, यादी नाही. चेंडू टाका.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पन्हळीकडे पाहिलं आणि चेंडू सोडला. हिरव्या फुलीचा चेंडू पहिला पडला. दुसरा पडला डॉक्टरसाहेबांचा. दोघं सुटले. चार रविवारांचं साठलेलं होतं म्हणा की काय, मुन्सफसाहेबांचा पहिला फटका सरळ गेला, बाभळीच्या वाटेला न जाता. साडेआठच्या आत पाचवं कार्ड माझ्या टेबलावर होतं, डॉक्टरांच्या सहीसह. मुन्सफसाहेब पाणी न पिता पन्हळीकडे गेले आणि चेंडू पुन्हा वरून सोडला. तो धरून पन्हळीत तेव्हा अकरा चेंडू होते.

मी ते मोजत बसलो. अकरा, नऊ, सात. गोम अशी, की जोडी लागत लागत खाली येते. मागून कोणी चेंडू टाकलाच नाही, तर शेवटचा विषम चेंडू एकटा पडतो. पाच, तीन. तिघांपैकी दोघं सुटले. साडेदहा वाजले. पन्हळीच्या तळाशी हिरवी फुली एकटीच. ऊन चढलं होतं. बाकीचे सगळे खेळून व्हरांड्यात गार काहीबाही पीत बसलेले. नवीन कोणी येईना. सेक्रेटरीसाहेब दोन फेऱ्या मारून पाय पाण्यात घालून बसले होते.

“एकट्यानं जाऊ द्या ना बाबा,” मी म्हणालो.

“जातीन. पन सही कोन देईन? तुमी?”

मी सभासद नव्हतो. घोडाही नव्हता.

अकरा वाजले. मुन्सफसाहेब ओट्याजवळ आले आणि चेंडू काढायला वाकले. “राहू द्या,” ते म्हणाले, “फार उशीर झाला.”

म्हाताऱ्यानं पन्हळीवर हात आडवा धरला. “काहाडली का नंबर गेला, सायब. पडून राहू द्या. तिले का ऊन लागते?”

मुन्सफसाहेब थांबले. आणि तेवढ्यात फाटकाशी बड्या साहेबांची मोटार उभी राहिली. मॅडमची वेळ झाली होती. पांढरी छत्री, भलीमोठी टोपी. त्यांना यादी गेल्याचंही ठाऊक नव्हतं आणि ती आली होती हेही बहुधा नसावं. त्या जुन्या सवयीनं थेट ओट्याकडे आल्या, चेंडू पन्हळीत सोडला. तो घरंगळत आला आणि हिरव्या फुलीला टक्कन टेकला.

“हा कोणाचा?” त्यांनी विचारलं.

“माझा, मॅडम,” मुन्सफसाहेब म्हणाले.

“मग चला. मी फार वाईट खेळते, आधीच सांगते.”

म्हाताऱ्यानं खुंटी काढली.

मला मैदानात जायची मुभा नव्हती. मी ओट्याशी उभा राहून लांबून पांढरी छत्री बघत होतो. छत्री एका झेंडीपासून दुसऱ्या झेंडीकडे जायची, मधे कुठे बाभळीत शिरायची, बऱ्याच वेळानं बाहेर यायची. पाचवी झेंडी, सहावी झेंडी. आठव्याच्या अलीकडे छत्री थांबली ती थांबलीच. मी म्हाताऱ्याला म्हणालो, “सोडलं वाटतं.” तो कपाळावर हात धरून बघत होता. छत्री क्लबाच्या दिशेनं वळली. दहा-वीस पावलं आली. मग पुन्हा थांबली, आणि हळूहळू आठव्या झेंडीकडे परत निघाली.

नंतर कळलं ते असं. मॅडमचा शेवटचा चेंडू घोरपडीच्या बिळात गेला होता. त्या म्हणाल्या, पुरे झालं आता. मुन्सफसाहेबांकडे दोनच चेंडू होते. त्यांनी एक पुढे केला आणि म्हणाले, “मॅडम, दोनच गड्डे राहिलेत. हा तुमचा.” शेवटच्या खळ्यावर मॅडमनी त्यांना, जवळच आहे, झालं म्हणा, असंही सांगून पाहिलं. मुन्सफसाहेबांनी मानलं नाही. वीतभरावरून तीनदा चुकले, चौथ्यांदा घातला, आणि चारही फटके कार्डावर लिहिले.

एक वाजता सहावं कार्ड माझ्या हातात आलं. खाली मॅडमची सही, मोठी आणि तिरपी. फटक्यांची बेरीज मी इथं सांगत नाही. एवढा आकडा मी एरवी गुरांच्या गणतीत पाहिला होता.

मुन्सफसाहेब कडुनिंबाखाली माठातलं पाणी पीत होते. चेहरा घामानं आणि धुळीनं ओळखू येत नव्हता. मला राहवलं नाही.

“साहेब, ती यादी मी लावत होतो. तुमचं नाव शेवटी टाकायला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्याच हाताची सवय.”

त्यांनी पेला खाली ठेवला.

“कोणीच नाही?”

“कोणीच नाही.”

“अहो, मग मी चार आठवडे कोणावर रागावलो होतो?”

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. घामानं भिजला होता. सेक्रेटरीच्या नावानं इंग्रजीत अर्ज, सुरेख मुद्देसूद. आज सहावं कार्ड झालं नसतं तर ते तो देऊन जाणार होते. “आणि दिला असता तो तुमच्याच टेबलावर,” ते म्हणाले, “पुढे पाठवायला.”

मी वाचला. अर्जात लिहिलं होतं, की क्लबाच्या कारभारात कोणी एक उच्चपदस्थ आणि अत्यंत प्रभावशाली व्यक्ती पडद्याआड राहून एका नेटिव सभासदाला पद्धतशीर बाहेर ठेवत आहे, आणि सदर व्यक्ती कोण आहे याची चौकशी व्हावी.

मी तो कागद त्यांच्याकडून मागून घेतला. आयुष्यात मला एवढ्या वरच्या हुद्द्यावर कोणी बसवलेलं नाही.